सहावं वाडगं

१

मेलेल्या बाईचं वाडगं मुझगानच्या खिडकीत परत आलं, तेव्हा ती चहाची किटली चुलीवर चढवत होती. हवा घ्यायला तिनं खिडकीचं दार ढकललं आणि हात तिथंच राहिला. बाहेरच्या फळीवर ते निळंपांढरं वाडगं ठेवलेलं होतं. पोटावर डाळिंब रंगवलेलं, कड एका जागी उडालेली, खाली दोन पितळी टाके. आत फडक्यात गुंडाळलेली एक लहान भाकरी. आणि बाहेर गल्लीत बर्फ पसरलेलं, त्यावर एकही पाऊल नाही.

तिची किंकाळी खाली मासळी बाजारापर्यंत ऐकू गेली.

तासाभरात तिची मुलगी नेरमिन सादत सुईणीला घेऊन आली. सामात्या मोहल्ल्यातल्या निम्म्या माणसांनी पहिला श्वास सादतच्या हातात घेतला होता, आर्मेनियन काय आणि तुर्क काय. आता सहासष्टाव्या वर्षी गुडघे जिना चढू देत नव्हते, बाळंतपणं इस्पितळात गेली होती. पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर धरलेल्या पाण्यात शिसं ओतून भीती उतरवायला अजून तिलाच बोलावत.

"आबला, आली गं ती," मुझगान म्हणाली. सगळी गल्ली सादतला आबला म्हणजे थोरली बहीणच म्हणायची. "वेर्झिन आली होती. भाकरी ठेवून गेली."

"बस आधी. नेरमिन, डोक्यावर चादर धर आईच्या."

सादतनं पळीत शिसं घेऊन निखाऱ्यावर धरलं. ते वितळेपर्यंत तिनं वाडगं हातात घेऊन बघितलं. फडकं वरून ओलं होतं, त्याच्या घड्यांत बर्फ अडकलेलं होतं. म्हणजे वाडगं आधी आलं आणि बर्फ मागून पडलं. पावलं त्या बर्फाखाली असणार. पण हे तिनं बोलून दाखवलं नाही. भाकरीचा एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि तिचं तोंड वाकडं झालं. विषासारखी खारट.

चादरीवर थंड पाण्याचं भांडं धरून तिनं शिसं ओतलं. पाणी चरचरलं, वाफ उठली, मुझगान चादरीखाली थरथरली. भांड्याच्या तळाशी एक वेडंवाकडं लांबोळकं पडलं होतं.

"काय दिसतंय बघ," सादत म्हणाली. तिला स्वतःला तो मासा वाटला होता.

मुझगाननं बघितलं आणि तिचे ओठ पांढरे पडले.

"पट्टा," ती म्हणाली.

२

पट्ट्याबद्दल गल्लीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. दिगिन वेर्झिन, आर्मेनियन बोलीत वेर्झिनबाई, वारली त्याला आज तेवीस दिवस झाले होते. एकाऐंशी वर्षांची विधवा, झोपेतच गेली. तिच्या जाण्यात काही काळंबेरं नव्हतं. काळंबेरं निघालं ते नंतर. तिची आई लहानपणी वान शहरातून पायी चालत निघाली होती, तेव्हा तिच्या अंगावर कपड्यांखाली एक चांदीचा कमरपट्टा होता. काळ्या नक्षीचा, बोटभर जाड. आई पोचली, पट्टा पोचला, बाकी कुणी पोचलं नाही. वेर्झिननं तो साठ वर्षं पेटीत ठेवला. माती देऊन आल्यावर पुतण्या बेर्चनं पेटी उघडली, तर कापडावर पट्ट्याचा नुसता वळ उरलेला.

घरात वेर्झिनजवळ राहायची ती ताकुही. एकोणीस वर्षांची, डोंगरातल्या गावाहून आलेली अनाथ पोर. बोट तिच्याकडेच गेलं. नवव्या दिवशी बेर्चनं तिला घराबाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत पट्टा घरात आला नाही तर मी पोलिसांत जाणार. ताकुहीचं लग्न चांभार निशानशी ठरलं होतं. निशानच्या आईनंही तोच दिवस धरला. चाळिसाव्यापर्यंत वाट बघू, मग सोयरीक मोडली. आणि त्या दिवसापासून ताकुही गल्लीत कुणाला दिसलीच नव्हती. पट्टा घेऊन पळाली, असं मग लहान पोरंही म्हणायला लागली.

चाळिसाव्याला सतरा दिवस उरले होते.

सादत तशीच बेर्चकडे गेली. तो मोठ्या बाजारात चांदी घासून चकाकवण्याचं काम करायचा, नखं कायमची काळी.

"दार उघड तुझ्या काकूचं."

"कशाला, आबला? भुतं पकडायला?"

"तुलाही मीच पकडलं होतं पायाला धरून. उलटा लटकवला तेव्हा कुठं रडलास. उघड."

घर दगडासारखं गार पडलं होतं. बेर्चनं बाहेरच्या खोलीचा पडदा सारला आणि दोन पावलं मागे आला. कोपऱ्यात मेरीमातेच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा तेवत होता. तेल काठोकाठ.

"तू भरलंस?" सादतनं विचारलं.

"मी?" त्याचा आवाज बारीक झाला. "मी माती झाल्यापासून दोनदा आलोय. दिव्याला हात लावला नाही. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात."

"पट्टा तू तर नाही नेलास?"

"नेला असता तर बोंब कशाला मारली असती? गपचूप वितळवून बसलो नसतो?" मग मान खाली घालून म्हणाला, "वितळवला असता, खोटं नाही बोलत. काकूलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर जिवंत असेपर्यंत पेटीची जागा मला कधी सांगितली नाही."

सादत स्वयंपाकघरात गेली. मांडणीवर क्युताह्या गावच्या चिनीमातीच्या वाडग्यांची रांग पालथी घातलेली होती, पोटांवर डाळिंबं. तिनं मोजली. पाच. ओट्यावरून बोट फिरवलं, बोटाला पीठ लागलं. चुलीच्या राखेत हात घातला.

राख कोमट होती.

"चल," ती बेर्चला म्हणाली. "दार नीट लावून घे."

त्यानं दोनदा सांगायची वाट बघितली नाही.

३

निशानची आई दिगिन सिरानुश पालेभाजी निवडत बसली होती. वेर्झिनला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती, मातीनंतरचे आठ दिवस भांडीही तिनंच घासली होती.

"तुम्ही पेटी उघडलीत का हो, दिगिन?"

"सरळ विचारतेस ते बरं करतेस," सिरानुश म्हणाली. "उघडली होती, नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी. वेर्झिननंच दाखवला पट्टा. म्हटलं, माझ्या सुनेच्या कमरेला शोभेल. म्हणाली, शोभेलच. झालं, एवढंच. पुन्हा बघितला नाही. आणि त्या पोरीनं... एवढा जीव लावला होता म्हातारीनं!"

"वाडग्यांचं सांगा. किती होती?"

"सहा. दर नव्या वर्षाला ती अनुशाबूर करायची, तुला माहीत आहे. पाच घरी जायचं. तुझ्याकडे, माझ्याकडे, मुझगानकडे, चर्चमधल्या ओनिककडे, कोळसेवाल्याकडे."

सादतनं मान हलवली. गव्हाची ती घट्ट खीर, वर जर्दाळू आणि डाळिंबाचे दाणे. यंदाचीही तिनं खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वेर्झिन गेलेली.

"पाची वाडगी परत आली?"

"न येऊन कसं चालेल? सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, तर त्याच वाडग्यांत भरून आणलं सगळ्यांनी. तू डाळ आणलीस, मुझगाननं पिलाफ. रिकामं वाडगं कोण परत देतं? मीच घासून पालथी घातली."

"आणि सहावं?"

"ते टाके मारलेलं? ते ती कुणाकडे पाठवायची नाही. उडालेल्या कडेचं भांडं कुणाला देणार? स्वतः जेवायची त्यात. नव्या वर्षाच्या दुपारी मी गेले तेव्हा मांडणीवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आंघोळ घालायला गेले तेव्हा नव्हतं. फुटलं असेल म्हटलं."

सादतनं खिशातून भाकरीचा तुकडा काढला. "हे चाखा."

सिरानुशनं चावलं, थुंकलं आणि हसू लागली. "कुणाच्या घरात लग्नाची पोर आहे? काल संत सार्किसची रात्र होती ना. ही खारी भाकरी खायची, वर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, तसंच झोपायचं. स्वप्नात जो पाणी पाजेल तो नवरा. मी खाल्ली तेव्हा स्वप्नात कसाई आला होता. झाला मात्र शिंपी."

सादत हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे कोमट राख होती. एकाऐंशी वर्षांची मेलेली विधवा नवऱ्याचं स्वप्न बघायला भाकरी भाजत नाही.

४

वेर्झिनच्या घराच्या मागच्या अंगाला कोळसा टाकायची खिडकी होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर. सादत तिथं बर्फात बसली. गुडघ्यातून कळ आली.

"ताकुही," ती हळू म्हणाली. "बाहेर ये, पोरी. मी एकटी आहे, आणि मला उठवायलाही कुणीतरी लागणार आहे."

 मग आतल्या काळोखात काळोखापेक्षा काळं काहीतरी हललं. आधी हात आले, कोळशानं माखलेले. मग चेहरा. दोन आठवड्यांत पोरीच्या चेहऱ्यावर नुसत्या डोळ्यांच्या खोबण्या उरल्या होत्या.

सादतनं तिला घरी नेलं, रस्सा पाजला, मग विचारलं.

"परत का आलीस इथं? पळून जायचंस."

"कुठं? आणि दिवा होता ना. चाळीस दिवस विझू द्यायचा नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. बेर्चनं काढलं तेव्हा तीन दिवस मी स्टेशनात झोपले. मग कोळशाच्या खिडकीनं आत शिरले."

"खाल्लंस काय?"

"होतं ते. सुके जर्दाळू, कांदे. मग परवा मुझगान हानुमनं पाठवलं."

तुर्क बायकांना ताकुही हानुम, म्हणजे बाईसाहेब, म्हणायची. "काय पाठवलं?"

"आशुरे. परवा तुमचा आशुरेची खीर घरोघरी वाटायचा दिवस होता ना? सकाळी उंबऱ्यावर वाडगं होतं, आमचंच, टाक्याचं. गरम. आत चणे होते, पांढऱ्या घेवड्याचे दाणे होते, म्हणजे तुमच्या लोकांचं. आणि संत्र्याची साल. ती फक्त मुझगान हानुम घालते." पोरीचे डोळे भरून आले. "म्हटलं, एका तरी माणसाला ठाऊक आहे मी इथं आहे. एक तरी माणूस मला चोर समजत नाही. वाडगं घासलं. पण रिकामं कसं देऊ? पिठाच्या डब्याच्या तळाशी मूठभर होतं. खाऱ्या भाकऱ्या दोनच झाल्या. एक मी खाल्ली, एक तिला. पहाटे ठेवून आले."

"स्वप्नात कोण आलं?"

ताकुहीनं रश्श्याची वाटी खाली ठेवली.

"निशान नाही आला. दिगिन वेर्झिन आली. त्याच वाडग्यातून पाणी पाजलं. पाण्याला चव होती, आबला. चमचा चोखल्यावर येते तशी. चांदीची."

शेगडीत निखारा फुटला. सादतनं स्वतःच्या बाह्या खाली ओढल्या.

"आणखी एक सांग. तू आत होतीस हे मुझगानला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिनंच ओळखलं असेल."

सादत आठवत होती. चादरीखाली थरथरणारी बाई. आली गं ती. पोर आत आहे हे ठाऊक असतं, तर भाकरी बघून मुझगान किंचाळली नसती.

मग मुझगाननं आशुरे पाठवलं होतं कुणाला?

५

दुपारी नेरमिन शिवणाच्या वर्गाला गेल्यावर सादत मुझगानकडे गेली. मुझगाननं कॉफी केली. वाडगं फळीवर नव्हतं. कोपऱ्यात, नजर लागू नये म्हणून टांगलेल्या निळ्या मण्याखाली, फडक्यानं झाकून ठेवलेलं होतं.

"मला मदत कर, मुझगान," सादत म्हणाली. "म्हातारपणी डोकं चालत नाही. मेलेल्या बाईच्या उंबऱ्यावर कुणीतरी भरलेलं वाडगं ठेवलं. दुसरं कुणी बघतं तर म्हणालं असतं, मेलेल्याला जेवण कोण घालतंय? मला मात्र तसं वाटेना. जेवण घालायचं तर माणूस आपल्या भांड्यात नेतो. हे तिचंच भांडं होतं. म्हणजे कुणीतरी ते परत करत होतं."

मुझगाननं कप बशीत फिरवला.

"परत करायचं तर उघड का नाही? पाच वाडगी उघड आली. कारण सहावं कुणाच्या घरी गेलेलं हे कुणालाच माहीत नव्हतं. ते वेर्झिननं शेवटच्या संध्याकाळी दिलं. उघड आणलं असतं तर सिरानुशनं विचारलं असतं, हे कधी आलं तुझ्याकडे? त्यात काय होतं? म्हणून कुणीतरी आशुरेच्या दिवसाची वाट बघितली. त्या दिवशी प्रत्येक बाईच्या हातात वाडगं असतं. कोण कुठं नेतं कोण बघतो?"

"आबला..."

"समुद्रात टाकता आलं असतं. दहा पावलांवर समुद्र आहे."

"गेले होते," मुझगान एकदम म्हणाली. "दोनदा गेले भिंतीपर्यंत. हात उघडेना. मेलेल्या बाईचं भांडं. घरात ठेवलं की ते माझ्याकडे बघायचं. आणि रिकामं न्यायचं म्हटलं तरी पाय उचलेना. म्हटलं, भरून देते, सुटते एकदाची. तर तिनं भाकरी पाठवली परत!"

"भाकरी ताकुहीनं पाठवली. कोळशाच्या खोलीत होती पोर. तुझं आशुरे खाल्लं, आणि तुला दुवा दिला."

मुझगानचा चेहरा असा झाला की भूत असतं तर बरं झालं असतं.

सादतनं घाई केली नाही. बाळंतपणातही ती कधी ओढाओढ करायची नाही.

"ओढणीखाली धरून आणलं होतं वेर्झिननं," शेवटी मुझगान बोलली. "वाडग्यात पट्टा, वर रुमाल. म्हणाली, पोरीच्या लग्नाच्या दिवशी तिच्या हातात दे, तोवर बेर्चला कळू देऊ नको. तो वितळवेल. सकाळी उठले तर ती गेलेली. मी देणारच होते, आबला, कुराणावर हात ठेवते. पण त्या दिवशी नेरमिनच्या कमरेला बांधून बघितला. नुसता बघितला. तिचंही लग्न आहे ना वसंतात. ती आरशासमोर अशी उभी राहिली... मला माझी पोर कधी तशी दिसली नव्हती. म्हटलं, एक दिवस राहू दे. मग बेर्चनं बोंब मारली. मग बोलायचं कसं? आज नाही बोलले, मग उद्या त्याहून अवघड. पोरीला काढलं तेव्हा मी खिडकीत होते. पडदा लावून घेतला."

"नेरमिनला ठाऊक आहे?"

"तिला वाटतं मी कुणाकडून बघायला आणला होता."

कॉफी गार झाली. सादत उठली.

"मी कुणाला काही सांगणार नाही."

मुझगाननं चमकून वर बघितलं.

"तिचं नाव सगळ्यांसमोर गेलं, सगळ्यांसमोरच परत यायला हवं. मी आणून दिलं तर म्हणतील सुईणीनं पोरीला वाचवायला नाटक केलं. तोवर पोर माझ्याकडे राहील. चाळिसाव्याला घर उघडेल." सादतनं कोपऱ्याकडे बोट केलं. "ते वाडगं आता पुन्हा तुझ्याकडे आलंय, भरून आलंय. ते आता तूच परत करायचं आहेस. काय भरायचं ते तू बघ."

६

सतरा दिवस सादतला झोप लागली नाही. मुझगान मासळी बाजारात दिसली की मान खाली घालायची. ताकुही विचारायची, "येईल का ती?" आणि सादत म्हणायची, "कांदा चिर." रोज एकदा पोर सादतच्या घरून निघून कोळशाच्या खिडकीनं आत जायची, दिव्यात तेल घालून यायची.

चाळिसाव्या दिवशी पाद्री आले, धूप फिरला, प्रार्थना झाली. हलवा वाटला गेला. सादतनं ताकुहीला हाताला धरून आणलं तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं. निशान उभा राहिला; आईनं त्याला बाहीला धरून खाली बसवलं. बेर्च म्हणाला, "हिला इथं आणायची हिंमत करता, आबला? पट्टा कुठं आहे?"

"बस. अजून दिवस संपला नाही."

मुझगानची जागा रिकामी होती. कॉफीची एक फेरी झाली. दुसरी झाली. बायका कोट शोधू लागल्या. बेर्चनं घड्याळ बघितलं आणि टोपी घेतली. चौकीत तक्रार लिहून घेणारा सातपर्यंतच असायचा.

दार वाजलं.

मुझगान आत आली ती दोन्ही हातांत वाडगं धरून. त्यावर रुमाल. तिनं कुणाकडे बघितलं नाही. सरळ ताकुहीसमोर गेली आणि वाडगं तिच्या मांडीवर ठेवलं. रुमाल सरकला. आत चांदी वेटोळं घालून बसली होती.

"वेर्झिननं माझ्याकडे दिला होता," मुझगान म्हणाली. आवाज फाटका, पण खोलीभर ऐकू आला. "हिच्या लग्नाला द्यायला. मी गप्प बसले. हिला काढलं तेव्हाही गप्प बसले. हिनं काही घेतलं नव्हतं."

 मग बेर्च पुढे आला. त्यानं पट्टा उचलला, तेव्हा सादत अर्धवट उठली. काळ्या नखांनी त्यानं बकलावरचा डाग चाचपला, खिशातलं कामाचं फडकं काढलं आणि घासू लागला. खूप वेळ घासत होता. डाग गेल्यावर पट्टा ताकुहीच्या मांडीवर ठेवला.

"दर वर्षी घासायला आणत जा," तो म्हणाला. "काळी पडते चांदी."

सिरानुशनं निशानची बाही सोडली.

मुझगानला कुणी कॉफी विचारली नाही. ती आली तशी निघाली. जिना उतरून गल्लीत पोचली, तेवढ्यात मागून पावलं वाजली. ताकुही धावत आली होती. हातात तेच वाडगं, धुतलेलं, आणि त्यात हलवा. वर दाबून बसवलेले बदाम.

"हानुम, तुमचं वाडगं."

"माझं नाही ते. वेर्झिनचं आहे."

ताकुहीनं हात मागे घेतले नाहीत. हलव्याची वाफ दोघींच्या मध्ये उठत होती. शेवटी मुझगाननं वाडगं घेतलं, दोन्ही हातांनी, आणि उडालेल्या कडेवर अंगठा ठेवून गल्लीत उभी राहिली.

सादत वरच्या खिडकीतून बघत होती. मागे कोपऱ्यात दिवा फडफडला आणि कुणी न फुंकता विझला. चाळीस दिवस झाले होते.

रात्री घरी ताकुहीला पांघरूण घालताना सादतला एक राहिलेलं आठवलं.

"तू तीन दिवस स्टेशनात होतीस. तेव्हा तेल कोण घालत होतं?"

"बेर्च असेल. मी आत शिरले तेव्हा दिवा तेवत होता. काठोकाठ भरलेला."

बेर्चनं दिव्याला हात लावला नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, हे सादतनं त्याच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.  उठून तिनं पाण्याचा तांब्या भरला, रात्री वेर्झिन पुन्हा आलीच तर म्हणून पोरीच्या उशाशी ठेवला, आणि थोडा वेळ त्याच्या शेजारी बसून राहिली.